ड्रॅक्युला कोण ते आधीच माहीत असताना ती कादंबरी वाचून भीती वाटते का?

तुमचं म्हणणं असं की लसूण, क्रॉस, आरशात न दिसणं हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं असतं, मग आता मूळ पुस्तक वाचून काय उरतं. मला भीती वाटली, आणि आधी माहीत होतं म्हणूनच जास्त वाटली. (पुढे कथेतले प्रसंग येणार आहेत, नको असतील तर इथेच थांबा.)

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ ची. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं यातून येते, त्यामुळे प्रत्येकाला फक्त स्वतःपुरतंच माहीत असतं. सुरुवातीला जोनाथन हार्कर हा तरुण वकील घरखरेदीच्या कामासाठी ट्रान्सिल्व्हानियात जातो, वाड्यात एकही नोकर दिसत नाही आणि एकदा त्याला काउंट ड्रॅक्युला स्वतः त्याचं अंथरूण घालताना दिसतो, मग त्याच्या डोक्यात येतं की म्हणजे आपल्याला रात्री घेऊन आलेला गाडीवानसुद्धा हाच. काउंट भिंतीवरून डोकं खाली करून सरपटत उतरतो तो प्रसंग सगळ्यांना आठवतो पण मला काटा आला तो ह्या अंथरुणाच्या वेळी.

पण खरी भीती पुढे ल्यूसीच्या भागात आहे, ही जोनाथनची होणारी बायको मीना हिची मैत्रीण. ती रोज अशक्त होत चाललीय, आपल्याला कारण माहितीय (काउंट रात्री येऊन तिचं रक्त पितो), तिच्या घरात कोणालाच नाही. तिच्यावर उपचार करायला आलेला प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग खोलीभर लसणाची फुलं लावतो, तिच्या आईला हृदयाचा त्रास म्हणून तिला काहीच सांगितलेलं नसतं, तर ती माऊली रात्री येऊन वास फार येतोय म्हणून फुलं काढते, खिडकी उघडते आणि सकाळी मोठ्या समाधानाने तेच सांगते. मी फोनवर वाचत होतो, तिथे तो खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मग ती तार. आज रात्री ल्यूसीजवळ थांब असं व्हॅन हेल्सिंग त्याचा जुना विद्यार्थी डॉ. सेवर्डला कळवतो, पत्त्यात परगणा लिहिलेला नसतो म्हणून तार भलतीकडे जाते आणि बावीस तास उशिरा मिळते. हे पुस्तकात कंसातल्या एका ओळीत आहे, मी पहिल्यांदा तशीच ओलांडून गेलो होतो, पुढच्या पानांवर त्या रात्री काय झालं ते वाचलं आणि मागे येऊन ती ओळ पुन्हा वाचली.

सगळ्यात वाईट म्हणजे जोनाथनची वाड्यातली डायरी तोपर्यंत मीनाकडेच असते. तो आजारी असताना तिने ती न वाचण्याचं ठरवून कागदात गुंडाळून लाखेने सील केलेली असते, लग्नाच्या अंगठीचा ठसा उमटवून, विश्वासाची खूण म्हणून. ती उघडते तोवर ल्यूसी गेलेली असते. म्हणजे उत्तर तिच्या जिवलग मैत्रिणीच्या घरात होतं, आणि ते बंद ठेवलं गेलं ते निव्वळ प्रेमापोटी. मीनाने ल्यूसीला लिहिलेल्या शेवटच्या पत्रांवर कंसात एवढंच येतं की हे तिने उघडलं नाही. आत नव्या संसाराच्या गप्पा आहेत, तुझं लग्न कधी वगैरे.

सगळं पुस्तक असं नाहीये हेही सांगतो. मीना सगळे कागद तारखेनुसार टाइप करून एकत्र लावते तिथून सगळ्यांना सगळं कळतं आणि भीतीची जागा पाठलाग घेतो, व्हॅन हेल्सिंगची भाषणं फार लांबतात आणि काउंट स्वतः तर सुरुवातीच्या चार प्रकरणांनंतर क्वचितच समोर येतो. ज्या बाईने कोडं सोडवलं तिलाच पुरुषमंडळी तिच्या भल्यासाठी म्हणून बाजूला ठेवतात आणि त्या एकटेपणातच काउंट तिला गाठतो, इथे आजच्या वाचकाला राग येतो, मला आला. ल्यूसीला चार वेगवेगळ्या पुरुषांचं रक्त गट न जुळवताच देतात तेव्हा मी दचकलोच, पण रक्तगटांचा शोधच मुळी १९०१ च्या सुमाराचा, लेखकाला कुठून माहीत असणार.

वाचायला घेतलीत तर संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, आणि तारखांवर लक्ष ठेवा. ३ मे पासून सुरू होते. प्रत्येक नोंदीच्या वर कुणी, कधी लिहिलं आणि कंसात काय म्हटलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, मी गेलो होतो तसं.