फाइलीवरचं पहिलं पान

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं. या सदराच्या लेखिका साताऱ्यात दिवाणी वकिली करतात.

प्रश्न: मॅडम, सांगलीत एका सिनिअरांच्या ऑफिसात मी चार वर्षं काम करतो. आम्ही पाच वकील आहोत. सरांचे कारकून तीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसले आणि महिन्याभरात आमची घडी विस्कटली. कुठली फाइल कुठल्या गठ्ठ्यात, कोणत्या कोर्टात कोणता अर्ज कसा लागतो, कुठल्या अशिलाला थेट फोन करायचा आणि कुणाला त्याच्या मुलाकडून निरोप धाडायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. सर म्हणतात, सॉफ्टवेअर घेऊ. त्यानं भागेल का? शिवाय आम्हा ज्युनिअरांत कुणीच आपला मसुदा दुसऱ्याला दाखवत नाही. यावर काय करावं?
— एक ज्युनिअर वकील, सांगली

उत्तर: सॉफ्टवेअर घ्या, पण आधी तुमच्या कारकूनकाकांना आठवड्यातून दोन दुपारी ऑफिसात बोलवा. मानधन द्या, चहा द्या आणि एकेक चालू फाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. शेजारी एका ज्युनिअरनं लिहीत बसायचं. दोन महिने लागतील. काकांच्या डोक्यातलं आज कागदावर आलं नाही, तर उद्या ते कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही.

मी हे इतकं आग्रहानं का सांगते? २००४ साली मी ज्युनिअर होते. आमच्या ऑफिसात वहिवाटीच्या रस्त्याचा एक दावा होता, आम्ही वादीकडून. प्रतिवादी एकच, बांधाला बांध लागलेला शेजारी. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, मनाई हुकूम मिळाला होता, त्यामुळे आमच्या अशिलाची बैलगाडी त्या रस्त्यानं सुरळीत जात होती. एके दिवशी एसटी स्टँडवर अशिलाची आणि आमच्यातल्या एका ज्युनिअरची गाठ पडली. अशील बोलता बोलता म्हणाला, “पलीकडचे आबा गेले हो परवा.” ज्युनिअरनं हळहळ व्यक्त केली, ऑफिसात येऊन सांगायचं राहिलं आणि पुढच्या महिन्यात तो न्यायाधीशाच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला गेला.

प्रतिवादी मेला की त्याचे वारस ९० दिवसांत दाव्यात लावावे लागतात. नाही लावले तर दावा अॅबेट होतो, म्हणजे त्याच्यापुरता आपोआप संपतो. नंतरच्या ६० दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज देता येतो. त्याही पुढे गेलात तर मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करायचा आणि प्रत्येक दिवसाच्या उशिराचं कारण देत बसायचं. आम्हाला कळलं ते सात महिन्यांनी, समोरच्या वकिलांनी पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दिली तेव्हा. आपला पक्षकार वारल्याचं कोर्टाला कळवणं हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ नियम १०-अ प्रमाणे त्यांचं काम होतं, पण त्यांच्या उशिरानं आमचा उशीर धुतला जात नव्हता. दावा गेला, त्याच्यासोबत मनाई हुकूमही गेला. वारसांनी आठवड्याच्या आत रस्त्यावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

शपथपत्र लिहायला बसलो तेव्हा खरी पंचाईत कळली. “आम्हाला मृत्यूची माहिती नव्हती” असं लिहिता येत नव्हतं, कारण ती होती. अशील समोर बसून म्हणत होता, “मी तुमच्याच पोराला सांगितलं होतं की.” अर्ज मंजूर व्हायला पावणेदोन वर्षं गेली. तोवर दोन हंगाम त्या माणसानं ओढ्याकडून वळसा घालून ऊस बाहेर काढला. ऑफिसला सगळं ठाऊक होतं, फक्त फाइलीला ठाऊक नव्हतं. हे मी आजतागायत विसरलेली नाही.

स्वतःचं ऑफिस काढलं तेव्हा प्रत्येक फाइलीला पहिलं पान पिवळं लावायला सुरुवात केली. त्यावर पाच-सहा ओळींत भांडण काय आहे ते मराठीत, अशिलाला वाचून दाखवलं तर तो “बरोबर” म्हणेल असं. कुणाशी बोलायचं आणि कुणाचा फोन लागत नाही. समन्स कोणत्या तारखेला हातात पडलं, कारण कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) ३० दिवस आणि पुढची ९० दिवसांपर्यंतची सवलत तिथूनच मोजली जाते आणि ती तारीख अनेकदा एकट्या अशिलालाच माहीत असते. आपली लंगडी बाजू कोणती. आणि प्रत्येक पावलापुढं ‘का’. कोर्टाच्या रोजनाम्यात ‘साक्षीदार वगळला’ एवढंच असतं. तो का वगळला (सोसायटीच्या निवडणुकीत समोरच्या पॅनलमधून उभा राहिला म्हणून) हे रोजनामा सांगणार नाही. वर्षभरानं नवा ज्युनिअर त्याच साक्षीदाराला पुन्हा बोलवायला निघतो, तेव्हा हा ‘का’ त्याला थांबवतो.

हे पान त्याच दिवशी भरायचं. आमच्याकडे साडेसहाला मी प्रत्येकाला विचारते, आज कुठल्या अशिलानं काय सांगितलं? कोर्टाच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर, फोनवर. महत्त्वाची माहिती बहुतेक वेळा तिथंच मिळते. दहा मिनिटांचं काम आहे. उद्यावर गेलं की ते होत नाही.

आता मसुद्यांबद्दल. तुमच्या प्रत्येकाच्या संगणकात नोटिशीचा, मनाई अर्जाचा, जामीन अर्जाचा नमुना असेल आणि प्रत्येकाचा वेगळा असेल. ते एका जागी आणा. पण नमुना साठवण्यापेक्षा तो ताजा ठेवणं जास्त अवघड आहे. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून घेण्यासाठी हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. आकडा तोच, अर्थ दुसरा. नमुन्यात जुना आकडा राहून गेला तर नुसती नजर फिरवून चूक लक्षातही येत नाही. टपालाचंही तसंच. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी ‘रजि. ए.डी.ने’ हे शब्द असंख्य नमुन्यांत तसेच पडून आहेत. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर शेवटचा कधी तपासला आणि कुणी तपासला, हे लिहा. सहा महिने झाले की तो वापरायचा नाही, आधी तपासायचा. लंडनच्या मोठ्या फर्ममध्ये एवढ्याच कामासाठी वेगळे वकील नेमलेले असतात. त्यांना प्रोफेशनल सपोर्ट लॉयर म्हणतात. त्यांचं काम नमुने अद्ययावत ठेवणं, नवे निकाल समजावून सांगणं. पाच जणांच्या ऑफिसला असा माणूस परवडत नाही. महिन्याला एकेकाची पाळी लावा.

मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तुमच्या-आमच्या ऑफिसात आणखी एक काम वाढलं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची हायकोर्टातली कामं तिथं चालतात. आधी दुसऱ्या अपिलाची फाइल आम्ही मुंबईच्या वकिलांकडे पाठवून मोकळे व्हायचो. आता अनेकजण स्वतः उभे राहतात आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर स्वतःच्या ऑफिसात करतात. इथं शब्दांची एक सामाईक वही हवीच. माझ्या पाहण्यातल्या एका अपिलात ‘वहिवाट’ या शब्दाचं एका ज्युनिअरनं ‘पझेशन’ केलं, दुसऱ्यानं ‘कल्टिव्हेशन’. दोन्ही भाषांतरं एकाच पेपरबुकात, म्हणजे अपिलाच्या कागदांच्या एकाच संचात. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला बोट ठेवलं की वादीची गोष्ट बदलते आहे. गोष्ट बदलली नव्हती, फक्त दोन टेबलांवर बसलेली माणसं एकमेकांशी बोलली नव्हती. वहिवाट, ताबा, कूळ, फेरफार, पोटहिस्सा, खातेफोड अशा शब्दांपुढं आपलं ऑफिस कुठं कोणता इंग्रजी शब्द वापरतं ते ठरवून ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ज्युनिअर मसुदा लपवतात, कारण ऑफिसात शाबासकी कोर्टात उभं राहून बोलणाऱ्यालाच मिळते. ज्याचा मसुदा चौघांनी वापरला त्याचं नाव कुणी घेत नाही. नमुन्याखाली करणाऱ्याचं नाव कायम ठेवा. आणि सुरुवात सरांनी करायला हवी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्यातला एक तास मी हरलेल्या केसेसवर बोलायला राखून ठेवते. सुरुवातीची केस माझी असते: उलटतपासात कोणता प्रश्न विचारायला नको होता, कोणता कागद उशिरा दाखल केला. सिनिअर स्वतःची चूक मांडतो तेव्हा ज्युनिअरचीही जीभ सैल होते. माझं हे पत्र सरांना वाचायला द्या, माझं नाव सांगून.

प्रश्न: वकीलताई, मी निवृत्त शिक्षिका आहे. भावांविरुद्ध वाटपाचा दावा चालू आहे. वकील चांगले आहेत, पण दर तारखेला नवा ज्युनिअर येतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो. चार वर्षांत सहावा. आईच्या आजारपणाचं तेच तेच पुन्हा सांगताना मला रडू येतं. मी काही बोलले तर वकीलसाहेब रागावतील का?
— वाई

उत्तर: बाई, रागावण्यासारखं यात काहीच नाही. तुमची गोष्ट एकदा नीट ऐकून लिहून ठेवणं हे ऑफिसचं काम आहे आणि त्याची फी तुम्ही दिलेली आहे. वकीलसाहेबांची वेळ घ्या आणि म्हणा, “माझ्या दाव्याचं एका पानाचं टिपण फाइलीत लावाल का? मी वाचून, दुरुस्त करून सही करते.” बहुतेक वकिलांना हे आवडेल, कारण त्यांचाही वेळ वाचतो. तुम्ही शिक्षिका आहात, पहिला मसुदा तुम्हीच करून न्या: वंशावळ, जमिनीचे गट नंबर, कोण कधी वारलं, कुठला फेरफार कधी झाला. आईच्या आजारपणाबद्दल जे सांगायचं ते त्यात एकदाच लिहा आणि नव्या मुलानं विचारलं की पानावर बोट ठेवा.

घरी स्वतःची वही ठेवा. दाव्याचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर ऑफिसातून मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख कळते, चढवलेले असतील तर आदेशही दिसतात. तारखेला काय झालं ते ज्युनिअरला विचारून वहीत टिपा. कुटुंबात कुणी वारलं, कुणी हिस्सा विकायला काढला, तर तोंडी निरोपावर विसंबू नका. त्याच दिवशी दोन ओळी लिहून ऑफिसात द्या आणि पोच घ्या. हे मी वर सांगितलेल्या त्या रस्त्याच्या दाव्यावरून सांगते आहे.

कधी वकील बदलायची वेळ आलीच, तर फाइल मागायला घाबरू नका. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे.

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळे मसुदे आणि अशिलांचे कागद फिरतात. काहीजण तेच कागद एआयमध्ये टाकून निवाडे शोधतात. हे योग्य आहे का?
— साताऱ्यातील एक वाचक

उत्तर: मसुदे वाटणं चांगलं, अशील वाटणं नाही. अशिलानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर न काढण्याचं बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि ते वकिलाच्या कारकुनाला आणि नोकरांनाही लागू आहे. गटात कालपर्यंत ऑफिसात असलेला आणि आज समोरच्या वकिलांकडे बसणारा एखादा मुलगा अजून आहे का, हे आज रात्री तपासा. नमुना साठवताना नाव, गाव, गट नंबर, रक्कम काढून टाका. मूळ कागद ऑफिसच्या कुलूपबंद फोल्डरमध्येच राहू द्या. कौटुंबिक न्यायालयाची आणि लहान मुलांची प्रकरणं तर ऑफिसातही ज्याच्याकडे ती फाइल आहे त्यानंच पाहावीत.

एआयला कायद्याचा प्रश्न विचारा, अशिलाचा कागद देऊ नका. त्यानं दिलेला निवाडा मुळातून वाचल्याशिवाय अर्जात घालू नका. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी एआयनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि कोर्टानं त्यांना ५,००० डॉलर दंड केला. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात, तिथं शोधा आणि पूर्ण वाचा. वाचलेल्या निकालाची प्रत नमुन्याच्या फोल्डरमध्ये ठेवताना वर एक ओळ लिहा: कोणत्या परिच्छेदासाठी ठेवला आणि कुणी वाचला.