मंडळाच्या फ्लेक्ससाठी फोटो जेपीजीत द्यावा की पीएनजीत?

गणपतीच्या फ्लेक्ससाठी तुम्ही अध्यक्षांचा फोटो आणि मंडळाचा लोगो दिलात. दुकानदार म्हणाला, "ही जेपीजी चालत नाही, फुटतंय." तीच फाईल पीएनजी करून दिली तरी नकोच म्हणतोय, तर नेमकं द्यायचं काय, असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावच्या शहापुरात डीटीपीचं काम करतो. श्रावण लागला की हाच वाद रोज ऐकतो.

दोष जेपीजीचा नाही, फाईल ज्या वाटेनं आली तिचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. 10 बाय 6 फुटांचा फ्लेक्स म्हणजे रुंदी 120 इंच. तो फोटो पूर्ण रुंदीला ताणला तर इंचाला जेमतेम 13 पिक्सेल पडतात. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्यामुळे 72 मिळाले तर उत्तमच, 40 वरही भागतं. पण 13 म्हणजे अध्यक्षांना घरचेसुद्धा ओळखणार नाहीत. म्हणून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

आता पीएनजी करून काही का सुधारलं नाही, ते बघा. जेपीजी चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा गाळून टाकते. म्हणूनच 12 मेगापिक्सेलचा फोटो, जो न दाबता ठेवला तर 36 एमबी होईल, तो तीन-चार एमबीत बसतो. चेहरा, आभाळ, गर्दी यांत हे खपून जातं. अक्षरांत खपत नाही. बारीक केलेल्या जेपीजीतलं मराठी निवेदन मोठं करून बघा: शिरोरेखेभोवती करडी धूळ आणि अनुस्वाराचा नुसता डाग. पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की धूळ वाढते. पीएनजी (1996 सालची) काहीच गाळत नाही, पण तिच्याकडे येण्याआधीच जे गळालं ते ती कुठून आणणार?

तेव्हा फोटोला जेपीजी, आणि अक्षरं, स्क्रीनशॉट किंवा पारदर्शक पार्श्वभूमी हवी तिथं पीएनजी. भगव्या फ्लेक्सवर लोगोभोवती पांढरा चौकोन दिसतो ना, तो जेपीजीतला लोगो. जेपीजीत पारदर्शकता नसतेच. लोगोसाठी खरं तर पीएनजीही दुय्यम. ज्यानं पहिल्यांदा काढला त्याच्याकडून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सीडीआर, एसव्हीजी किंवा व्हेक्टर पीडीएफ मागून घ्या. त्यात पिक्सेल नसतात, रेषांचं गणित असतं. व्हिजिटिंग कार्डावर लावा नाहीतर कमानीवर, धार तशीच राहते.

बाकीच्यांचं थोडक्यात. आयफोनवाला कार्यकर्ता एचईआयसी, म्हणजे आयफोनच्या फोटोचा फॉरमॅट, पाठवतो (2017 च्या आयओएस 11 पासून). जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही, आणि नावापुढं नुसतं जेपीजी लिहून आतली फाईल बदलत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. वेबपी गूगलची, 2010 ची. वेबसाइटवरून उतरवलेलं चित्र बऱ्याचदा त्यातच येतं. जीआयएफ 1987 ची, एका चित्रात 256 रंग, हलत्या शुभेच्छांपुरती ठीक. टिफ छपाईवाले स्वतःच करून घेतात, तुम्ही त्यात पडू नका. नोकरीच्या अर्जाला मात्र उलटं: बँकभरती घेणारी आयबीपीएस फोटो 20 ते 50 केबीतच मागते, तिथं जेपीजी बारीक करायलाच लागते.

आपल्याकडं आणखी एक भानगड असते. फ्लेक्सवर कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नड मजकूर नुडी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, मराठी श्रीलिपीच्या, आणि छापणाऱ्याकडं त्यातला एक फॉन्ट नसतो. मग वर कन्नड व्यवस्थित आणि खाली 'गणेशोत्सव' च्या जागी भलतीच चिन्हं. म्हणून कोरलमध्ये सगळा मजकूर 'कन्व्हर्ट टू कर्व्ह्ज' करूनच, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करूनच, फाईल द्या; मग फॉन्ट लागतच नाही. एकदा कर्व्ह केलं की अक्षर टाइप करून सुधारता येत नाही. तेव्हा आधी दोन्ही भाषा जाणणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा. पुढच्या वर्षी फक्त साल आणि अध्यक्ष बदलायचे असतात.