वह्या उघडल्या नाहीत, म्हणून दावा बुडतो का?

आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : चालू व्यवसायात आपण निम्मी भागीदारी घेतली. मालकाने महिन्याचा निव्वळ नफा तोंडी सांगितला आणि वह्या पुढे सरकवून ‘हवे तर पाहून घ्या’ असेही म्हटले, पण आपण त्या उघडल्या नाहीत. आता चार महिन्यांनंतर सांगितलेल्या रकमेच्या निम्माही नफा दिसत नाही, आणि वह्या समोर असताना न पाहणाऱ्याला तक्रारीला जागा नाही, असे घरचे म्हणतात.

घरच्यांचा हा मुद्दा इंग्लंडच्या न्यायालयात १८८१ सालीच मांडला गेला होता. रेडग्रेव्ह नावाच्या एका वयस्क वकिलाला भागीदार हवा होता, आणि त्या भागीदाराने त्याचे घरही विकत घ्यावे अशी त्याची अट होती. वकिलीतून वर्षाला ३०० ते ४०० पौंड मिळतात असे त्याने भागीदार होऊ पाहणाऱ्या हर्ड यांना सांगितले. दाखवलेल्या कागदांचा हिशेब जेमतेम २०० पौंडांपर्यंत पोहोचत होता, तेव्हा उरलेली मिळकत दुसऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आहे असे त्याने भासवले. हर्ड यांनी तो गठ्ठा सोडून पाहिला नाही, आणि त्यात जवळपास काहीच नव्हते. खालच्या न्यायालयाने हर्ड यांच्या विरोधात निकाल दिला. अपिलात मात्र न्यायाधीश जेसल यांनी तो फिरवला, कारण खोटे सांगून करार करवून घेणाऱ्याला ‘तू तपासले असतेस तर कळले असते’ असे म्हणता येत नाही. हर्ड यांचा करार रद्द झाला, पण नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण रेडग्रेव्हने जाणूनबुजून खोटे सांगितले हा आरोप त्यांनी रीतसर मांडलेलाच नव्हता.

हा निकाल वाचून लगेच निर्धास्त होऊ नये. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १९ ला एक अपवाद जोडलेला आहे : चुकीचे विधान प्रामाणिक समजुतीने केलेले असेल, आणि साध्या दक्षतेने खरे कळण्यासारखे असेल, तर करार रद्द करण्याचा हक्क राहत नाही. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला मात्र हा अपवाद लागू होत नाही. म्हणजे आपण वह्या पाहिल्या की नाही यापेक्षा, आकडा सांगताना मालकाला खरे काय ते ठाऊक होते का, या प्रश्नाला जास्त वजन आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा त्याच वह्यांत सापडेल.

म्हणून त्या आता उघडाव्यात. माझ्यापुढे एकदा तीन वर्षांची रोजकीर्द आली होती. सगळी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, कुठे खाडाखोड नाही, पानांच्या कोपऱ्यांना रोजच्या हाताळणीचा मळही नाही. अशी वही रोज लिहिलेली नसते, व्यवसाय विकायचे ठरल्यावर बसून लिहिलेली असते. विक्रीचा आकडा बँकेतील भरणा, करविवरणपत्रे आणि कच्च्या मालाची खरेदी यांच्याशी ताडून पाहावा. ‘बरीच विक्री बिनबिलाची आहे’ असे उत्तर आले, तर त्याने करखात्याला तरी खोटे सांगितले आहे किंवा आपल्याला तरी.

त्याने नेमके काय सांगितले होते, हेही आठवून आजच लिहून ठेवावे. ‘पुढे एवढे मिळतील’ हा बहुतेक वेळा अंदाज ठरतो. ‘गेल्या वर्षी एवढे मिळाले’ हे तथ्याचे विधान. उलाढालीलाच नफा म्हटले होते का, किंवा मालक स्वतः दिवसभर राबतो त्या श्रमाचे मोल खर्चात धरलेच नव्हते का, हेही पाहावे. माझ्या अनुभवात निम्मी भांडणे या दोन गोष्टींतूनच निघतात.

आकडा सांगितला तेव्हा खरा होता, असा बचाव झाला तरी विषय संपत नाही. १९३६ च्या विथ विरुद्ध ओफ्लॅनगन खटल्यात डॉक्टरचा व्यवसाय विकताना जानेवारीत वर्षाला २,००० पौंड मिळकत सांगितली होती. डॉक्टर आजारी पडला आणि मे महिन्यात सही होईपर्यंत ती आठवड्याला सुमारे ५ पौंडांवर आली. हा बदल सांगितला नाही, एवढ्या कारणावर करार रद्द झाला.

एका गोष्टीची मात्र घाई करावी. खरे कळल्यानंतरही आपण नफ्याचा वाटा उचलत राहिलात, नवीन भांडवल घातलेत किंवा भागीदार म्हणून नव्या कागदांवर सह्या केल्यात, तर करार आपण मान्य केला असा अर्थ काढला जातो, आणि मग रद्द करण्याचा मार्ग बंद होतो. वह्यांच्या प्रती आणि करारपत्र घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जावे, आणि ‘करारात लिहिलेल्याखेरीज कोणतेही आश्वासन दिलेले नाही’ असे कलम त्यात आहे का, हे त्यांना सर्वांत आधी विचारावे.