डेबिटमध्ये ‘आर’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: पासबुकात शिलकीपुढे ‘सीआर’ छापतात, उचल जास्त झाली की ‘डीआर’. क्रेडिटचं ‘सीआर’ होईल हे पटतं, पण डेबिटमध्ये ‘आर’ हे अक्षरच नाही. मग ते आलं कुठून?

डेटरमधून. ‘डीआर’ हे मुळात डेबिटचं लघुरूप नव्हेच. ते डेटरचं, म्हणजे ऋणकोचं. शब्दाचं पहिलं नि शेवटचं अक्षर ठेवून मधलं गाळायचं, डॉक्टरचं करतात तसंच. त्याच न्यायाने ‘सीआर’ म्हणजे क्रेडिटर, धनको. जुन्या इंग्रजी खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, ‘अमका अमक्याचा ऋणको’ (‘डेटर टू अमका’) असं अख्खं वाक्य लिहीत. ते आटत आटत दोन अक्षरांवर आलं. कॉमर्सच्या वहीतलं ‘टू कॅश’ हे त्या वाक्याचं उरलेलं शेपूट. काहीजण ‘डेबिट रेकॉर्ड’ अशी फोड सांगतात, ती मागाहून जुळवलेली.

आता पासबुकातला धनको कोण? तुम्ही! पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा. पैसे तुमचे, ठेवलेत तिच्याकडे, म्हणजे देणेकरी बँक. तुमच्या स्वतःच्या हिशेबात तीच शिलक डेबिटला पडते. अकाउंट्स शिकणारी पोरं गोंधळतात ती इथेच.

डेबिटला आपण ‘नावे’ म्हणतो, क्रेडिटला ‘जमा’. ‘नावे’ या शब्दातही माणूसच आहे: रक्कम कुणाच्या तरी नावे टाकायची. ‘जमा’ मात्र अरबीतून आलेला. गंमत म्हणजे देशी कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, जमा डावीकडे नि नावे उजवीकडे, इंग्रजी पद्धतीच्या नेमकं उलट.

डेबिट-क्रेडिटची मुळं लॅटिनमध्ये आहेत. ‘देबेरे’ म्हणजे देणं लागणं. त्याची फोड ‘दे’ अधिक ‘हाबेरे’, दुसऱ्याचं आपल्यापाशी असणं. ‘क्रेदेरे’ म्हणजे विश्वास ठेवणं, आणि हा शब्द आपल्या नात्यातला निघतो. संस्कृत ‘श्रद्धा’ (श्रत् + धा) आणि ‘क्रेदेरे’ एकाच प्राचीन मुळाचे. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलात जिचं सूक्त आहे ती श्रद्धा आणि खिशातलं क्रेडिट कार्ड, दोघं चुलत भावंडं!

फ्लॅटच्या जाहिरातीतला ‘सीआर’ वेगळा. तो करोडचा, क्रेडिटरशी त्याचा काही संबंध नाही. मराठी मजकुरातही तो सर्रास दिसतो. ‘कोटी’ हा मुळातच दोन अक्षरी शब्द हाताशी असताना त्याचं लघुरूप कशाला लागतं, हे मला अजून उमगलेलं नाही.