मुलीने अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 'अर्ली डिसिजन'चा (म्हणजे लवकरच्या फेरीचा, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन असलेला) अर्ज केलाय. निकाल लागेपर्यंत घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला. काय करावं?

निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो, तोवर पोर्टल तासातासाला उघडून काहीही बदलत नाही. त्यापेक्षा बाकीच्या विद्यापीठांच्या अर्जांचे निबंध आत्ताच उरकायला लावा. बहुतेकांची नियमित फेरीची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. नकार आला तर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात आणि रडवेल्या मनाने निबंध लिहिणं महाकर्मकठीण.

'होय' आणि 'नाही' याशिवाय तिसरा निकालही असतो: डिफर. म्हणजे अर्ज नियमित फेरीत पुन्हा बघणार, उत्तर मार्चअखेर. तो नकार नव्हे, आणि तेव्हा अर्ली डिसिजनचं बंधनही सुटतं. सहामाहीचे गुण मात्र नीट हवेत, ते शाळेकडून जातात. प्रवेश मिळाला तर तो बंधनकारक, बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. तेव्हा खर्चाचं गणित आत्ताच मांडा, आनंदाच्या भरात नको.

एक सांगू? तिकडे संध्याकाळी सातला निकाल लागला तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. लॉगिन तिलाच करू द्या. आणि आत्या-मावशीला तारीख अजिबात कळवू नका, सहापासून फोन सुरू होतील.