बेंझोइक आम्लाचा उतारा (घेतलेल्यापैकी परत मिळालेला भाग) ७० टक्केच का, आणि द्रवणांक ११९ का?

पुनर्स्फटिकीकरणात (आम्ल गरम पाण्यात विरघळवून, थंड करून पुन्हा शुद्ध स्फटिक मिळवणं) २ ग्रॅम घेऊन १०० मिलि पाण्यातून १.४ ग्रॅम मिळालं, म्हणजे प्रयोग फसलेला नाही. पाणी जास्त झालं. २५ अंशांना तेवढ्या पाण्यात सुमारे ०.३४ ग्रॅम विरघळलेलंच राहतं आणि गाळताना निघून जातं. उकळत्या पाण्यात २ ग्रॅमला ४० मिलि पुरतं. गरम गाळायचं असेल तर थोडं जास्त घ्या. मग बर्फात ठेवा, स्फटिकही बर्फगार पाण्यानेच धुवा, तेही थोड्याशाच.

द्रवणांकाचं म्हणाल तर आधी थर्मामीटर तपासा. त्याच थर्मामीटरवर बाटलीतलं शुद्ध बेंझोइक आम्लही १२२ ऐवजी ११९ ला वितळलं, तर तो ३ अंश कमी दाखवतोय. १२२ आलं, तर तुमचे स्फटिक ओले किंवा अशुद्ध आहेत. (उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर पुण्यात ते ९८ च्या आसपासच उकळतं.)