लोणेऱ्याला जाणारी एसटी स्टँडवरच्या डिस्प्लेवर दिसतच नाही, मग गाडी ओळखायची कशी?

तुम्ही विचारलंय की मुलाची ॲडमिशन लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर युनिव्हर्सिटीत झाली, त्याला सोडायला मुंबईतल्या एका एसटी स्टँडवर गेलात, डिस्प्लेकडे बघून बघून मान अवघडली तरी लोणेरे काही आलं नाही, आणि नंतर शेजारच्याने सांगितलं की अहो आत्ता गेली की, चिपळूणची होती ती. माझं माहेर महाड तालुक्यात आणि राहायला मी भांडुपला, म्हणजे तुमच्या मुलाचाच रस्ता, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्या बोर्डावर लोणेरे येणारच नाही. गाडी जिथे संपते त्या गावाचं नाव बोर्डावर असतं आणि आपण शोधत असतो जिथे उतरायचं ते गाव. सगळा घोळ इथे आहे. रोजचा माणूस बोर्डावर स्वतःचं गाव शोधतच नाही, तो आपल्या गावावरून पुढे जाणारी नावं डोक्यात ठेवून येतो. मुंबई-गोवा हायवे (जुना १७ नंबर, आता ६६) पनवेलनंतर पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड, पोलादपूर असा जातो आणि मग कशेडी उतरून खेड, चिपळूण. म्हणजे लोणेऱ्यासाठी बोर्डावर बघायची नावं अशी: महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी. मंडणगड आणि दापोलीच्या गाड्या कुठून वळतात ते गाडीप्रमाणे बदलतं, म्हणून तिथे मार्गे काय ते विचारूनच चढा. आणि सोडून द्यायची नावं म्हणजे अलिबाग (ती वडखळला वळते), रोहा, मुरूड, आणि श्रीवर्धन, जी माणगावातून म्हसळ्याकडे जाते, लोणेऱ्यापर्यंत येत नाही. श्रीवर्धनच्या गाडीत बसलात तर माणगावला उतरून दुसरी गाडी धरता येते, तेवढं काही बिघडत नाही.

सावंतवाडी, मालवण, देवगड अशा लांबच्या गाड्यांचं वेगळं. त्या जातात त्याच रस्त्याने, पण लोणेऱ्याला थांबतीलच असं नाही, तिकीट काढायच्या आधी कंडक्टरला सरळ विचारायचं, दादा लोणेऱ्याला थांबा आहे का, आणि गाडी स्टँडात जाते की फाट्यावर सोडते. हे बोर्ड कधीच सांगत नाही आणि रात्रीच्या वेळी हायवेला अंधारात उतरायचं असेल तर हीच माहिती सगळ्यात महत्त्वाची असते.

आता सारख्या नावांचा त्रास, तुमच्या बाबतीत तर तो शेजारीच बसलाय. लोणेऱ्याला लागून गोरेगाव आहे, रायगडातलं, माणगाव तालुक्यातलं. मुंबईच्या माणसाला बोर्डावर गोरेगाव दिसलं की त्याच्या डोळ्यासमोर वेस्टर्न लाइनचं स्टेशन येतं, गावच्या माणसाला त्याचं गोरेगाव. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्याचं राजगुरुनगर, त्यालाही लोक खेडच म्हणतात. कर्जत लोकलचं आणि कर्जत नगर जिल्ह्याचं. मालेगाव नाशिकचं आणि मालेगाव वाशिमचं. त्यात शहरांची नावं बदलली, २०२३ ला छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ ला अहिल्यानगर, पाटी बदलली तरी विचारणारी म्हातारी माणसं जुनंच नाव विचारतात आणि त्यांना बोर्डावर ते सापडत नाही. कंसात एक जुनं नाव टाकायला किती जागा लागते? जिल्ह्याचं नाव छोट्या अक्षरात टाकलं तरी खेडचा प्रश्न संपतो.

खरं सांगू का, नुसतं नाव असणं पुरत नाही, ते वाचता यायला पण पाहिजे. मी एका मोठ्या स्टँडवर बघितलंय, एक आजी, हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवाचा हात, चष्मा कपाळावरून खाली घेऊन बोर्ड वाचायला लागल्या, पहिली दोन नावं मनातल्या मनात लावून वाचली आणि तिसऱ्याला आल्या तोवर पान बदलून इंग्रजी आलं. त्या थांबल्या. परत मराठी आलं तर पुढच्या गाड्यांची यादी, पहिली यादी गेली ती गेलीच. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, ताई गुहागरची आहे का गं यात. ज्याला पटकन वाचता येतं त्याच्यासाठी बनवलेला बोर्ड आहे तो, आणि पटकन वाचता येणारा माणूस आता बहुतेक मोबाइलवर बघून येतो, मग बोर्ड नक्की कोणासाठी लावलाय याचा विचार कुणीतरी करायला हवा.

अक्षरांचंही तसंच. एलईडीच्या ठिपक्यांचे बरेच बोर्ड उंचीला जेमतेम सोळा ठिपक्यांचे असतात. इंग्रजी कॅपिटल अक्षर त्यात आरामात बसतं पण आपल्याला वर मात्रा-वेलांटी लागते, मधे शिरोरेघ, खाली उकार, मग मूळ अक्षराला राहतात थोडे ठिपके, आणि लांबून घ आणि ध, म आणि भ एकसारखे दिसतात, जोडाक्षर तर फुटून दोन तुकडे होऊन पडतं. मराठीच्या ओळीला जास्त उंची द्या, एवढं साधं आहे हे, पण बोर्ड आधी इंग्रजीसाठी बनतो आणि मराठी नंतर त्यात कोंबली जाते. आणि एक, त्या बोर्डाचा मोबाइलवर फोटो काढून झूम करून बघू असं लोकांना वाटतं, पण ठिपके सगळे एका वेळी पेटत नाहीत, ओळीओळीने पेटतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्यात मधेच काळे पट्टे येतात आणि अर्धी नावं गायब. फोटो काढायचाच तर भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकाचा काढा, ते जुनं असू शकतं पण त्यात निदान मार्गे लिहिलेलं असतं.

वेळेबद्दल. समोर १४:३० दिसलं की गाडी अडीचला येतेय असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी ती वेळापत्रकातली वेळ असते, गाडी प्रत्यक्षात कुठे आहे त्याच्याशी तिचा संबंध नसतो. गाडीत जीपीएस असलं तरी ते बोर्डाला जोडलेलं असेल तरच उपयोग. पनवेलसारख्या मधल्या स्टँडवर तर गाडी मुंबईहूनच उशिरा निघालेली असते, वाशी-कळंबोलीच्या ट्रॅफिकमधे अडकलेली असते, आणि बोर्ड मात्र वेळ झाली म्हणून तिला यादीतून काढून टाकतो. माणसाला वाटतं गेली. गेलेली नसते, अजून यायचीय. रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन करताना पण जपा, १५ तारखेची ००:१५ ची गाडी म्हणजे १४ च्या रात्री जेवून निघायचं, यात घरोघरी गाड्या चुकल्यात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? माझा क्रम असा, आधी माइकवरची अनाउन्समेंट, कारण फलाट बदलला किंवा फेरी रद्द झाली तर ते वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत आधी कळतं आणि तिथून माइकवर येतं, बोर्डावर आलं तर नंतर. मग गाडीच्या काचेमागची पाटी, आणि सगळ्यात शेवटी डिस्प्ले. बऱ्याच गाड्यांवर आगाराचं नाव पण रंगवलेलं असतं, मुंबईच्या स्टँडवर दुपारी महाड आगाराची गाडी उभी दिसली की ती बहुतेक घरी परत चाललीय असं समजून ड्रायव्हरला विचारायला हरकत नाही. चौकशीच्या खिडकीवर विचारताना मात्र "लोणेऱ्याला कधी आहे" असं न विचारता "महाडकडे जाणारी पुढची कुठली आणि कुठल्या फलाटाला लागते" असं विचारा, लगेच उत्तर मिळतं. गणपतीत यातलं काहीच चालत नाही, जादा गाड्या हजारोंनी सुटतात आणि त्यांच्या पाट्या कागदावर लिहून काचेला चिकटवलेल्या असतात, तेव्हा फक्त विचारत फिरायचं.

मुंबईकर एवढा का गोंधळतो याचं एक कारण आपली लोकलची सवय पण आहे. सेंट्रलच्या इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस, नवीन माणसाला ते एस म्हणजे स्लो वाटतं, पण आपल्याला पाठ असतं आणि मुख्य म्हणजे कुठली गाडी कुठे थांबते ते पण पाठ असतं. बेस्टमधे तर नंबर बघायचा की झालं, पुढच्या काचेवर नंबर मराठी आकड्यात असायचा म्हणून या शहरातल्या गुजराती, तमिळ, उत्तर भारतीय सगळ्या माणसांनी आपले आकडे शिकून घेतले, आता मोबाइलच्या ॲपवर बस कुठे आलीय ते पण दिसतं. एसटीला तसा लोकांच्या तोंडात बसलेला नंबर नाही, तिथे गावाचं नाव हाच नंबर. म्हणूनच त्या नावाखाली एक न हलणारी ओळ हवी, मार्गे पनवेल, माणगाव, लोणेरे, महाड, न सरकता, न लुकलुकता. सरकणाऱ्या ओळीत आपलं गाव नेमकं कडेला जाऊन गायब होतं.

येताना काय ते पण सांगते. लोणेऱ्याला हायवेला उभं राहिलं की गाडीची पाटीच वाचायची, मुंबई, परळ, बोरिवली, ठाणे, नालासोपारा असं काहीही येईल आणि तुम्ही मुंबईत कुठे राहता त्याप्रमाणे पनवेलला बदलता येतं, त्यामुळे मुंबईचंच नाव हवं म्हणून गाडी सोडत बसू नका. रविवारी संध्याकाळी मात्र कोकणातून येणाऱ्या गाड्या भरून येतात आणि लोणेऱ्याला हात दाखवला तरी थांबत नाहीत, अशा वेळी मुलाला सांगा की उलटं महाडला जायचं आणि महाड स्टँडवरून सुटणारी गाडी पकडायची, थोडा वेळ जातो पण बसायला जागा मिळते.